नाकाला आलेला निरोप

काय मुलांनो, नाकं जागेवर आहेत ना? हसू नका! डोळे आणि कान तर आपण रोजच कामाला लावतो. आज मात्र सगळी भिस्त नाकावर आहे. पण आधी आपलं नेहमीचं कोडं:

रंगानं मी हळदीसारखा, हळद मात्र नाही,
नावामध्ये गंध माझ्या, अंगी मात्र नाही,
जाळलं तर निळी ज्योत, पाण्यात विरघळत नाही,
सांगा पाहू मी कोण?

ओळखलंत? शाबास! उत्तर आहे गंधक.

आता तुमच्यातलं कुणीतरी भुवया उंचावणार, हे मला ठाऊक आहे. आमच्या चौथीच्या वर्गातही लगेच एक हात वर झाला होता. "बाई, कोड्यात गडबड आहे. गंधकाला तर कसला घाण वास येतो! म्हणून तर त्याचं नाव गंधक!"

नावाचा अर्थ त्यानं बरोबर सांगितला. गंधक म्हणजे गंध असलेला. पण शुद्ध गंधकाचा पिवळा खडा नाकाजवळ धरला, तर वास जवळजवळ येतच नाही. मग आपण ज्याला 'गंधकाचा वास' म्हणतो, तो कुणाचा?

तो असतो गंधकाच्या जोड्यांचा. गंधक जळताना प्राणवायूशी जोडी जमवतो आणि सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू होतो. काडेपेटीची काडी ओढल्याबरोबर नाकात झिणझिण्या येतात ना, तिथे हाच वायू असतो. हायड्रोजनशी जोडी जमली, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा वास म्हणजे सडक्या अंड्याचा वास! कोकणात दापोलीजवळ उन्हवरे इथे गरम पाण्याचं कुंड आहे. तिथे गेल्यावर लोक म्हणतात, "गंधकाचा वास येतोय." खरं तर तो वास या वायूचा असतो.

म्हणजे गंधक एकटा असला की गप्प बसतो आणि जोडीदार मिळाला की बोलायला लागतो. बोलतो तोही थेट आपल्या नाकाशी. त्याचं हे बोलणं आपल्याला समजायला हवं, कारण कधीकधी त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

थोडीशी ओळख

गंधक हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणुक्रमांक १६. खडा इतका ठिसूळ, की हातोडीच्या एका ठोक्यात चुरा होतो. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. ज्वालामुखींच्या आसपास पिवळाधमक गंधक साठलेला सापडतो. पूर्वी तो जमिनीतून खणून काढत. आता जगातला बराचसा गंधक खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळतो.

तेलातून गंधक काढायचा कशाला? गाडीच्या इंजिनात इंधन जळतं, तेव्हा त्यातला गंधकही जळतो आणि धुरातून बाहेर पडतो. तो छातीला बाधतो. शिवाय हवेत पाण्याशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि ते पावसातून खाली येतं. म्हणून आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नवे नियम आले. आता पेट्रोल-डिझेलच्या दहा लाख भागांत गंधक १० भागांहून जास्त चालत नाही. त्याआधीच्या नियमात ही मर्यादा ५० होती.

गंधक कामाला मात्र पक्का. नाशिककडे कुणाची द्राक्षबाग असेल, तर घरी विचारा. द्राक्षाच्या पानांवर आणि मण्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी येते, तिला भुरी म्हणतात. ती रोखण्यासाठी बागेत गंधक मारतात. आपल्या बहुतेक साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करायला चुन्याबरोबर गंधकाचा धूरही वापरतात. खरजेवरच्या मलमात गंधक असतो. तुमच्या सायकलच्या टायरमध्येही तो आहे. नुसतं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की गंधक घालून रबर तापवलं तर ते चिवट आणि लवचिक होतं. तेव्हापासून टायर रस्त्यावर टिकू लागले.

असो. आपण निघालो होतो वासाच्या मागावर. चला स्वयंपाकघरात.

कांदा काय सांगतो?

ओट्यावर कांदा नुसता ठेवलेला असतो, तेव्हा तो कुणाला रडवत नाही. आई सुरी फिरवते, तेव्हाच डोळे चुरचुरायला लागतात. का बरं?

कांद्याच्या पेशींत गंधक असलेले पदार्थ एका जागी असतात आणि त्यांच्यात बदल घडवणारं विकर दुसऱ्या जागी असतं. सुरी फिरली, पेशी फुटल्या, की दोघांची गाठ पडते. मग एक वायू तयार होतो आणि डोळ्यांपर्यंत पोचतो. डोळे बिचारे तो धुऊन काढायला पाणी सोडतात. रडवणारा वायू तयार होण्यासाठी एक खास विकर लागतं, हे २००२ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

लसणाचंही तसंच. अख्खी पाकळी हुंगून बघा, वास अगदी बेताचा. ठेचली की सगळ्या घराला कळतं! कांदा-लसूण हे काही आपली गंमत करायला करत नाहीत. कुरतडायला आलेल्या किड्याला तो इशारा असतो, "खबरदार, मला चावू नकोस." किडा ऐकतो. आपण मात्र त्याच कांद्याची भजी करून वर आणखी मागतो!

हिंगाचा वास, मोहरीचा झणका, शिजणाऱ्या कोबीचा वास, या सगळ्यांत गंधक आहे. आणि पाणीपुरीच्या पाण्यात घालतात ते काळं मीठ? त्याचं मराठी नाव घेतलं की आमचा अख्खा वर्ग खुदुखुदु हसतो. पादेलोण! नाव ठेवणारा माणूस नाकाचा पक्का असणार. त्या वासामागेही गंधकाच्याच जोड्या आहेत.

आता बिघडलेलं अंडं आठवा. फोडल्याबरोबर आपण नाक मुरडून दूर होतो. कुणी शिकवावं लागत नाही. अन्न सडताना गंधकाचे असे वायू निघतात आणि आपलं नाक ते अगदी थोडे असले तरी पकडतं. "हे खाऊ नकोस," असा तो निरोप असतो. नाकानं तो ऐकला म्हणून पोट वाचतं.

सिलिंडरचा वास

आता एक प्रश्न. सिलिंडरमधल्या गॅसला वास कसा असतो?

"घाणेरडा!" असं तुम्ही म्हणाल. पण तो वास गॅसचा नाहीच. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात आणि त्यांचा वास आपल्याला कळतच नाही. तो कुबट वास मुद्दाम घातलेला असतो. तो असतो इथाइल मरकॅप्टन या पदार्थाचा. यातही गंधक आहेच! गॅसमध्ये तो अगदी किंचित मिसळतात, पण आपल्या नाकाला तेवढा पुरतो. पाइपनं घरी येणाऱ्या गॅसमध्येही असाच वासाचा पदार्थ घालतात.

चांगल्या गॅसमध्ये घाण वास कशाला घालायचा? याचं उत्तर एका शाळेच्या गोष्टीत आहे. गोष्ट दुःखाची आहे, पण ती तुम्हांला माहीत असावी.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. आसपास तेलाच्या विहिरी, त्यामुळे गाव सुखवस्तू आणि शाळेची इमारत मोठी देखणी. शाळेत ऊब राहावी म्हणून गॅसच्या शेगड्या होत्या. कुठेतरी गळती झाली आणि इमारतीखालच्या पोकळीत गॅस साठत गेला. गॅसला वास नव्हता. कुणालाच काही कळलं नाही. १८ मार्च १९३७ ला दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, कार्यशाळेत लाकूड घासायचं विजेचं यंत्र कुणीतरी सुरू केलं. एक ठिणगी उडाली आणि सगळी इमारत उडाली. सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले.

मी रोज तुमच्याएवढ्या मुलांच्या वर्गात उभी असते. त्यामुळे ही गोष्ट सांगताना माझा आवाज जड होतो. पण पुढे जे झालं तेही सांगायला हवं. त्या अपघातानंतर टेक्सासमध्ये कायदा झाला, की गॅसमध्ये वास घातलाच पाहिजे. हळूहळू इतर ठिकाणीही तोच नियम आला. आज आपल्या घरात गॅस गळला, की नाकाला लगेच निरोप मिळतो. त्या शाळेतल्या मुलांना तो मिळाला नव्हता.

तर असा निरोप मिळाला की काय करायचं? पाठच करून टाका:

१. पहिल्यांदा मोठ्यांना हाक मारा.
२. विजेचं कुठलंही बटण दाबू नका. दिवा लावू नका आणि लागलेला दिवा बंदही करू नका. बटणात ठिणगी उडू शकते.
३. काडी, लायटर, उदबत्ती, देवापुढचं निरांजन, काहीही पेटवू नका. पेटलेलं काही असेल तर मोठ्या माणसांना सांगा.
४. मोठ्या माणसांनी रेग्युलेटर बंद करावा. पाइपचा गॅस असेल तर त्याचा कॉक बंद करावा.
५. दारं-खिडक्या सताड उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठून राहतो.
६. सगळे बाहेर पडा आणि फोन बाहेर जाऊनच करा. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. अग्निशमन दलाचा १०१.

तिकडे अमेरिकेत हा निरोप आणखी एकाला कळला. तिथल्या टर्की गिधाडांचं नाक भारी तीक्ष्ण असतं. मेलेल्या जनावराच्या वासात आणि मरकॅप्टनच्या वासात साम्य असल्यानं, गॅसची लांबलचक पाइपलाइन जिथे गळायची, तिथे ही गिधाडं आकाशात घिरट्या घालायची. कामगारांच्या ते लक्षात आलं आणि गिधाडं पाहून ते गळती शोधू लागले!

वास येईनासा झाला तर?

आतापर्यंत आपण म्हणालो, वास आला की सावध व्हायचं. आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती नीट वाचा, आणि धाकट्या भावंडांना वाचून दाखवा.

मघाशी आपण हायड्रोजन सल्फाइड पाहिला. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू. जिथे हवा पोचत नाही आणि घाण कुजत असते, तिथे जीवाणू तो तयार करतात. म्हणजे गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत, गोबरगॅसच्या टाकीत. तो हवेपेक्षा जरा जड असतो, त्यामुळे तळाशी साठतो.

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागसुद्धा नसला, तरी नाकाला वास येतो. पण तोच वायू वाढत वाढत १०० भागांच्या आसपास गेला, की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वायू तिथेच असतो, वास मात्र नाहीसा होतो. माणसाला वाटतं, "चला, वास गेला." प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. आणखी वाढला तर माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडतो.

पेपरात आपण अशा बातम्या वाचतो. टाकी साफ करायला एक माणूस उतरला, तो परत आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. दुसरा माणूस धीटच होता, पण धीटपणानं तो वायू मागे हटत नाही. आपली गटारं साफ राहावीत म्हणून ही माणसं जीव धोक्यात घालतात आणि ती असतात आपल्यासारख्याच कुणाचे तरी बाबा, कुणाचे काका. २०१३ साली आपल्या संसदेनं कायदा केला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी. तरीही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. गेलेला माणूस पैशानं परत येत नाही. तो उतरणारच नाही, हे आपण सगळ्यांनी बघायला हवं.

आता तुमच्याकडे येते. सुट्टी आहे, मॅच रंगलीय, शेवटची ओव्हर आहे, आणि चेंडू गेला उघड्या चेंबरमध्ये. काय कराल?

"मी हळूच उतरतो, तू हात धर!" हे बंद. एकदम बंद. चेंडू तीस-चाळीस रुपयांना मिळतो. चेंडू असो, चप्पल असो, मांजराचं पिल्लू असो, चेंबरमध्ये, टाकीत किंवा जुन्या विहिरीत कुणीही उतरायचं नाही. जुन्या विहिरीत हा वायू नसला, तरी तळाशी श्वास घेण्याजोगी हवा असेलच असं नाही. आणि समजा, कुणी आत पडलंच, तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. मित्राला वाचवायचा खरा मार्ग तोच आहे.

करून पाहा

नाक थकतं म्हणजे काय, हे घरबसल्या बघायचंय? साहित्य: चिमूटभर पादेलोण, अर्धी वाटी कोमट पाणी, लिंबाची फोड, घड्याळ.

पाण्यात पादेलोण टाका, वरून लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. वाटी टेबलावर ठेवून समोर नेहमीसारखा श्वास घेत बसा. सुरुवातीला वास ठसठशीत येईल. मग हळूहळू जाणवेनासा होईल. किती मिनिटांनी, ते लिहून ठेवा. आता घराबाहेर मोकळ्या हवेत पाच मिनिटं फिरून या. पुन्हा वाटीजवळ बसा. काय झालं? वास परत आला ना?

वास कुठे गेलाच नव्हता. तुमच्या नाकाला त्याची सवय झाली होती. वाटीतल्या पादेलोणानं काही बिघडत नाही, हवं तर नंतर त्यात जिरेपूड आणि साखर घालून सरबत करा! पण हे लक्षात ठेवा: 'वास येत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा नसतो. घरात गॅसचा वास आला, म्हणजे कुणीतरी कारण शोधून काढलंच पाहिजे. "आता नाही येत," म्हणून सोडून द्यायचं नाही. बाहेरून नुकतंच आलेल्या माणसाला विचारायचं, त्याचं नाक ताजं असतं.

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, सर्दी-पडशात नाक काम करत नाही आणि वय वाढलं की वासाची जाण कमी होते. दुपारी आजी-आजोबा एकटेच घरी असतील, तर रेग्युलेटर बंद केल्याची खात्री करून मगच बाहेर पडा. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख आज एकदा बघून घ्या. मुलांना वर दिलेले सहा नियम नुसते वाचायला न लावता एकदा प्रत्यक्ष करून घ्या: रेग्युलेटर कुठे आहे, बाहेर कुठल्या दारानं पडायचं, फोन कुठून करायचा. सोसायटीची किंवा घरची टाकी साफ करायची वेळ आली, तर यंत्रानंच करून घ्या. "पटकन उतरून बघतो," असं कुणी म्हणालं, तरी नाही म्हणा. आणि घराजवळ चेंबरचं झाकण तुटलं असेल, तर चेंडू आत जायची वाट न पाहता तक्रार नोंदवा.

मुलांनो, पादेलोणाच्या प्रयोगात घरातल्या कुणाचं नाक सर्वांत आधी थकलं आणि कुणाचं सर्वांत उशिरा, ते मला पोस्टकार्डावर नक्की कळवा. मिनिटं लिहायला विसरू नका.

आणि हे पुढच्या अंकाचं कोडं:

तांब्या-पितळेच्या पोटात माझा चमकदार लेप,
मी असलो की ताक-आमटीची उतरते झेप,
गल्लीत हाळी देत यायचा माझा कारागीर,
ओळखा पाहू मला, आता नका लावू उशीर!

आजीला विचारलंत तरी चालेल. तिला नक्की ठाऊक असेल!

तुमच्या बाई